आवाजासाठी भांडणारे भाऊजी

सिनेमा ऐन रंगात आला असताना खुर्चीवरून उठून, मशीनच्या खोलीकडे तोंड करून ओरडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. बाकीचे लोक फिल्म तुटली की ओरडत. भाऊजी फिल्म नीट चालू असताना ओरडत. "आवाज फाटून राहिला! बंद करा ते मशीन!" पडद्यावर कोणाची तरी आई मरणपंथाला लागलेली असायची, बायकांच्या बाजूला हुंदके चाललेले असायचे, आणि हे गृहस्थ धोतर सावरत मधोमध उभे. मागून कोणी म्हणे, "बसा ना हो वकीलसाहेब, आमाले पाहू द्या." मग ते त्याच्याकडे वळत. "पाहून राहिले, ऐकून कुठं राहिले? ती आत्ता काय म्हणाली, सांगा बरं!" त्या माणसाला सांगता येत नसे. कोणालाच येत नसे. तरी सगळ्यांना राग यायचा तो भाऊजींचा, त्या फाटक्या आवाजाचा नाही.

वकील ते नव्हतेच. वडील वकील, दोघे भाऊ वकील, म्हणून अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांनाही लोक वकीलसाहेब म्हणत. त्यांनी नागपूरला बी.एस्सी. केले आणि परत येऊन मोर्णा नदीच्या पलीकडे रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. काळा कोट घालायचा सोडून पोरगा डाख लावत बसतो, याचे दुःख ताईच्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत केले. भाऊजींना त्याचे काही वाटत नसे. घरात भाजी खारट झाली तरी त्यांनी कधी तोंड उघडले नाही. त्यांचा राग एका शब्दावर होता, तो शब्द म्हणजे 'चालते'. गिऱ्हाईक म्हणाले, "तसा रेडिओ चालते," की भाऊजी हातातले काम खाली ठेवत. "चालते म्हंजे काय? नीट चालते का खुरडत चालते?"

मी त्यांच्या घरी आले ती आजारातून उठून. अमरावतीला वडिलांच्या घरी असताना मला क्षय झाला होता. दवाखान्यात इंजेक्शने दिली, त्यांनी जीव वाचला आणि कान गेले. अगदी ठार बहिरी झाले नाही. आवाज यायचा, त्यातले शब्द यायचे नाहीत. भिंतीपलीकडे कोणी बोलत असावे तसे. समोरच्याचे ओठ नीट हलले तर त्यांवरून काय ते कळे. लग्नाच्या गोष्टी बंद झाल्या आणि वडिलांनी मला हवापालट म्हणून ताईकडे पाठवले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू माझ्याशी बोलत होत्या. मी दोनदा "काय?" म्हटल्यावर त्या ताईला म्हणाल्या, "बिचारी बहिरी आहे, तिले काय सांगाचं!" भाऊजी ओसरीवर दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून ते आत आले. "ती बहिरी नाई. तुमी तोंडात सुपारी ठेवून बोलून राहिल्या. सुपारी थुका अन् पुन्हा बोला." काकूंनी महिनाभर आमच्या घरात पाऊल टाकले नाही. मला मात्र त्या दिवशी, आजारानंतर पहिल्यांदा, आपल्या बाजूने कोणी आहे असे वाटले.

भाऊजी मला दुकानात घेऊन जाऊ लागले. "हाताले कुठं कान लागते?" म्हणत त्यांनी मला डाख लावायला शिकवले. रेडिओतला काचेचा व्हॉल्व्ह कसा तपासायचा, वीज साठवणारा कंडेन्सर सुकला की कसा ओळखायचा, तेही शिकवले. लोक दारात थांबून बाईमाणूस रेडिओ उघडते आहे हे बघत. भाऊजी त्यांना विचारत, "काही दुरुस्त करायचं आहे का? नाई? तं उजेड सोडा."

सिनेमाच्या मालकांनी त्यांना बोलावले, ते वैतागून. मालक मोठे आसामी. गावाबाहेर त्यांची जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना होता, आणि जिनमध्ये राबणारी माणसे रविवारी त्यांच्याच थिएटरात पुढच्या बाकड्यांवर येऊन बसत. मालक म्हणाले, "रोज रोज ओरडता, तं एकदा करूनच दाखवा." मुंबईहून कंपनीचा माणूस येऊन गेला होता. हे मशीन लढाईच्या आधीचे, याचे भाग आता मिळत नाहीत, नवेच घ्या, असे सांगून. भाऊजी भडकले. "माणसाले दिसेनासं झालं तं तुमी त्याले चष्मा देता का नवा माणूस आणता?"

फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिच्यावर एका छोट्या दिव्याचा उजेड पडतो, पलीकडे काचेचा फोटोसेल तो उजेड झेलतो, आणि त्याची क्षीण वीज अ‍ॅम्प्लिफायर मोठी करून पडद्यामागच्या कर्ण्याला देतो. हे सगळे भाऊजींनी मला वाटेतच समजावून सांगितले. अ‍ॅम्प्लिफायरची पेटी उघडली तेव्हा ते वाकून आत बघू लागले. मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर अकोल्याच्या उन्हाळ्यांनी वितळून गेले होते, मेण पेटीच्या तळाशी साचले होते. मोठे कंडेन्सर सुकून गेले होते, म्हणून प्रत्येक बोलण्याखाली घूं घूं चालायचे. आणि फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची जाड तार पिळून बसवली होती. ती पाहिल्यावर ते ओरडले. "हे कोणाचं काम?" मॅनेजर म्हणाला, "फ्यूज सारखा उडे ना साहेब." भाऊजींनी ती तार उपटून त्याच्या हातात दिली. "तो उडते म्हणून माणूस वाचते! इथं करीमभाई उभा असते मशीनले हात लावून. त्याले जाळाचं होतं का तुमाले?" ऑपरेटर करीमभाई कोपऱ्यात उभे होते. ते माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "बेटी, मैं कितने बरस से बोल रहा हूँ. कोई सुनताच नहीं."

कामाला उन्हाळा गेला. सकाळी थिएटर रिकामे असायचे तेव्हा आम्ही जायचो. जुन्याच्या जागी तसेच जुने बसवायचे भाऊजींना मान्य नव्हते. विजेचा जास्त दाब सोसणारे, उन्हाने न वितळणारे नवे कंडेन्सर त्यांनी मुंबईहून मागवले. मोठ्या पोटाचे जुने व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी नवीन लहान व्हॉल्व्ह बसवले, त्यासाठी पत्र्यात नवी भोके पाडून नवी बैठक केली. त्या छोट्या दिव्याला एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, म्हणजे डीसीचा, पुरवठा करून दिला, तेव्हा ते घूं घूं कायमचे थांबले. आणि एक दिवस ते अमरावतीच्या कबाडी बाजारात गेले. लढाईनंतर मिलिटरीचे जुने सामान तिथे विकायला येई. येताना त्यांनी पिशवी भरून कानाला लावायचे हेडफोन आणले.

पहिल्या खेळाला लोक नेहमीसारखे कलकलाट करत बसले. नायिकेचे पहिले वाक्य आले आणि पुढची बाकडी गप्प झाली. भाऊजींनी मला बायकांच्या बाजूला एका खांबाजवळ बसवले होते. खांबावर एक लाकडी पेटी, तिला आवाज कमीजास्त करायचे बटण, आणि त्यातून निघालेला हेडफोन. मधे त्यांनी वेगळा ट्रान्सफॉर्मर टाकला होता. "कानापर्यंत आवाज गेला पायजे, वीज नाई," असे ते दहादा म्हणाले होते. मी हेडफोन कानाला लावला, बटण फिरवले. पडद्यावर एक बाई आपल्या मुलाला जेवायला हाक मारत होती. मला तिचे शब्द कळले. तिच्या ओठांकडे न बघता कळले. पुढे सिनेमात काय झाले ते मला आठवत नाही, कारण मी मान खाली घालून नुसती ऐकत बसले होते.

मध्यंतरात जिनमधले किसनराव आमच्यापाशी आले. अर्धे आयुष्य त्या मशीनच्या धडधडाटात काढलेला माणूस. आपल्यालाच ऐकू येत नाही म्हणून जगाला ओरडून सांगायची त्यांना सवय. "वकीलसाहेब, ते मले पण लागंल का?" सगळे थिएटर वळून बघू लागले. भाऊजींनी त्यांच्या कानाला हेडफोन लावून पाहिला, आणि पुढच्या रविवारी पुढच्या बाकड्यांना चार पेट्या बसल्या. मग आणखी बसल्या. दर्यापूरहून एक म्हातारे मास्तर खास बसने येऊ लागले. सिनेमा कोणता आहे हेही ते विचारत नसत.

हे तसेच चालू राहिले असते तर मला ही हकिकत सांगायचे कारण नव्हते. काही वर्षांनी मालकांनी बाल्कनी सजवली. गादीच्या खुर्च्या आल्या, मखमली पडदे आले. आणि एका रविवारी आम्ही गेलो तर खांबावरच्या आणि बाकड्यांवरच्या पेट्या उपटलेल्या, वायरी कापून लोंबत सोडलेल्या. किसनराव बाकड्यावर तुटके टोक हातात धरून बसले होते. भाऊजी तसेच मालकांच्या खोलीत शिरले, मी त्यांच्या मागे.

मालक शांतपणे म्हणाले, "वरचे लोक बोलून राहिले वकीलसाहेब. खाली दवाखाना दिसते म्हणतात. कानाले दोऱ्या बांधलेली माणसं. शोभत नाई ते."

"शोभत नाई?" भाऊजींचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. "या लोकायचे कान कोणाच्या कारखान्यात गेले? तुमच्या! आठवडाभर तुमच्या मशीनचा आवाज ऐकायचा, अन् रविवारी तुमच्याच थेटरात एक गाणं ऐकू नाई द्यायचं?"

"जिनमधी आवाज होणारच. म्या काय करू त्याले?"

"पेट्या लावून द्या! दुसरं काय करायचं? त्या पण म्या फुकट बसवल्या होत्या!"

मालकांनी मॅनेजरला हाक मारली. "यायले बाहेर न्या." वडिलांच्या नावाचा वाडा, वकिली, शिक्षण असल्या गोष्टींचा ज्यांनी कधी आधार घेतला नाही, त्या भाऊजींना मॅनेजरने दंडाला धरून, सगळ्या लोकांसमोर पायऱ्या उतरवल्या. बाल्कनीची तिकिटे घेऊन उभे असलेले लोक बाजूला झाले. त्यांत भाऊजींकडून फुकट रेडिओ दुरुस्त करून घेतलेले लोकही होते. एकानेही तोंड उघडले नाही.

उघडले ते किसनरावांनी. पुढच्या रविवारी ते आणि त्यांचे सोबती थिएटरच्या फाटकाशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, अर्थातच ओरडून. पुढची बाकडी रिकामी राहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही राहिली. जिनमधल्या बायकापोरांनी सिनेमाचे नाव टाकले. मालकांनी आधी पोलिसांची भीती घातली, मग जिनमधल्या नोकरीची. लोक आले नाहीत. शेवटी मॅनेजर आमच्या घरी आला. पेट्या परत बसवू, म्हणाला. पण मालकांची एक अट आहे. वकीलसाहेबांनी यापुढे थिएटरात पाऊल टाकायचे नाही.

मला वाटले, आता हे त्याला दाराबाहेर काढतील. भाऊजी म्हणाले, "मंजूर."

ताई आतून धावत आली. "अहो, काहून कबूल झाले तुमी? तुमी केलं सारं, अन् तुमालेच मनाई?"

"मले कुठं सिनेमा पाहायचा होता! त्यायले ऐकू आलं पायजे." मग ते माझ्याकडे वळले. "कुसुम, आत तू जाशील."

मी गेले. पुढे कितीतरी वर्षे सकाळी मशीनच्या खोलीत जाऊन मी पेटी उघडत होते, कंडेन्सर बदलत होते, व्हॉल्व्ह तपासत होते. करीमभाई टॉर्च धरायचे. भाऊजी समोरच्या चहाच्या टपरीवर उभे असायचे. मी बाहेर आले की प्रश्नांचा मारा. "घूं येते का? तिसऱ्या बाकावरचं बटण घासते का? करीमभाईच्या बाजूचा फ्यूज पाहिला का?" एकदा पावसाची सर आली. मॅनेजरनेच हाक मारली, "साहेब, मालक गावात नाईत, आत येऊन बसा." भाऊजी भिजत राहिले. "शब्द दिला हाय," म्हणाले. मी संतापाने रडले. ज्याने शब्द मोडावा असे मला जन्मात एकदाच वाटले, तो माणूस शब्द मोडत नव्हता.

ते गेले दुकानातच, काम करता करता छातीत कळ येऊन. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते. तेराव्यानंतर गावातल्या प्रतिष्ठितांनी शोकसभा ठेवली, ती त्याच थिएटरात. आम्हाला कोणी विचारले नाही. नुसती वेळ कळवली. गेलो तर पडद्यासमोर खुर्चीवर भाऊजींचा हार घातलेला फोटो, आणि माइकपाशी मालक. माइक भाऊजींनीच घडवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता आणि मी खांबाजवळ हेडफोन लावून बसले होते, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. मालक म्हणत होते, "वकीलसाहेबांचे नि आमचे घरचे संबंध. हे थिएटर म्हणजे त्यांचं दुसरं घरच होतं. इथली दारं त्यांना सदैव उघडी होती."

मी उठले. "हा फोटो इथं कोणी आणला?" मी विचारले. "यांना आत यायची मनाई आहे. तुम्हीच घातली होती."

मालक माइकमधूनच म्हणाले, "बाई, ती जुनी गोष्ट झाली."

"मनाई मागे कधी घेतलीत?"

मी पुढे जाऊन फोटो उचलला. ताई, जी चारचौघांत कधी मान वर करून बोलली नव्हती, उठून आली आणि तिने फोटोची दुसरी बाजू धरली. आम्ही मधल्या वाटेने चालू लागलो. मागे बाकडी सरकल्याचे आवाज आले, तेव्हा कळले की लोक उठत आहेत. करीमभाई मशीनच्या खोलीतून जिना उतरून आले. बाहेर टपरीवाल्याने खांद्यावरच्या फडक्याने बाक पुसले. ताईने फोटो त्यावर टेकवून ठेवला आणि म्हणाली, "इथंच बसू."

सभा तिथेच झाली. पहिल्यांदा किसनराव बोलायला उभे राहिले. भाऊजींबद्दल त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितले, आणि आत गादीच्या खुर्च्यांवर बसून राहिलेल्या लोकांनाही ते शेवटपर्यंत ऐकावे लागले.