आमची लीग आणि तिची बंदी

नेरूळच्या कॉलेजात मी खेळ शिकवतो. माझ्या हाताखाली पुष्कळ मुली रग्बी शिकल्या, पण तिच्यासारखी दुसरी झाली नाही. जासईची पोर, वडील कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचे. तिला अडवायला दोघी लागायच्या. देशाच्या संभाव्य संघात नाव आलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

त्याच सुमारास आम्ही काही जुन्या खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. राज्याच्या रग्बी संघटनेकडे हेलपाटे घालून घालून थकलो होतो. मुलींच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम चार सामने यायचे. महापेच्या एका कंपनीच्या मालकाने पाठबळ दिलं. मुलींना पगारावर घ्यायचं, दोन महिने खेळवायचं. लगेच संघटनेचं पत्र आलं: मान्यता नसलेल्या स्पर्धेत जो खेळेल, त्याची राज्याच्या आणि देशाच्या संघात निवड होणार नाही.

मी तिच्या घरी गेलो. ती आली की बाकीच्या येणार, हे मला माहीत होतं. चहा झाला. मग वडील म्हणाले, "सर, तुमचा नाय चालला तर पोरीला परत घेतील ना?"

"घेतील," मी म्हणालो. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि करारावर सही केली.

पहिल्या सामन्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ती खेळली मात्र अशी की समोरच्या मुलीही टाळ्या वाजवत होत्या. वडिलांना नियम कळत नव्हते. ती पडली की ते उभे राहायचे, ती उठली की बसायचे.

दुसऱ्या आठवड्यात रेफरी आलेच नाहीत. त्यांनाही संघटनेने तंबी दिली होती. मग मैदानाचं बुकिंग रद्द झालं. कंपनीच्या मालकाने निरोप पाठवला, पुढच्या वर्षी बघू. संपलं.

तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. मी संघटनेच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी एके काळी माझ्याच संघात खेळलेला. तिला भरीला मी घातलं, शिक्षा मला द्या, असं त्याला सांगितलं.

"तुला दिलीच आहे," तो शांतपणे म्हणाला. "पण तुझं काय जातंय?"

मी उठून बाहेर आलो.

बातमी तिला मीच सांगितली. सरावानंतर ती बोटांची पट्टी सोडत होती. "म्हणजे एकोणतीस," एवढंच म्हणाली. मग विचारलं, "लीगची जर्सी परत करायची काय?" नको, ठेव, म्हणालो, आणि तिथेच खाली बसलो. ती मला पाणी आणायला गेली.

आता ती यार्डाच्याच ऑफिसात कामाला आहे. बंदी संपली, तेव्हा कोणी तिला बोलावलं नाही, तिनेही विचारलं नाही. मागच्या महिन्यात मी फोन केला, कॉलेजच्या मुलींना शिकवायला येशील का म्हणून. ती नीट बोलली. माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाली, "सर, मैदानावर नको. बाकी कधी पन बोलवा."