नवशाच्या गाडीचे पाटे

"दादा, तू खोल ती गाडी. नट नट मोकळा कर आन् मला सांग, काय बिघडलंवतं ते."

"चिमे, आता खोलून काय मिळणार हाय? माणूस गेला. भंगारवाल्याला देऊ आन् मोकळं होऊ."

"मी मोकळी नाय व्हणार. तिकडं सासरा पोराचं नाव काढीत नाय. बेवडा मेला बोलतो. विनिताची सोयरीक जमली व्हती, ते लोक मागं फिरले. बेवड्याची पोर नको बोलले. तुला समजतंय का मी काय सांगतंय ते?"

धाकलूनं हातातला पान्हा फडक्यानं पुसला. तो आधीच पुसून झालेला होता. मागं साजगावच्या एका कारखान्याची पिकअप ठोकळ्यांवर चढवलेली, तिचा गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवलेला. क्लच दुपारपर्यंत बसवून द्यायचा होता. पण धाकटी बहीण भर उन्हात चालत आली होती, शेजारी तिची पोर विनिता उभी होती, आणि दोघींची नजर अंगणाच्या कडेला, ताडपत्रीखाली पडलेल्या गाडीवर होती. चिमाचा नवरा नवशा त्या गाडीत गेला त्याला तीन महिने झाले. क्रेननं गाडी इथं आणून टाकल्यापासून धाकलूनं ती ताडपत्री उचलली नव्हती.

धाकलूच्या गॅरेजला पाटी नाही. कशेळ्यात उतरून कुणालाही विचारा, "पाटेवाला धाकलू कुटं ऱ्हातो?" म्हातारी बाईसुद्धा रस्ता दाखवील. मिसरूड फुटायच्या आत तो शिळफाट्याला एका ट्रकमिस्त्रीच्या हाताखाली गेला. चौदा वर्षं त्यानं तिथं घन मारला, शिव्या खाल्ल्या, आणि पाट्याचं काम शिकला. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादाच्या पट्ट्या एकीवर एक बांधलेल्या असतात, सगळा भार त्या झेलतात, त्यांना पाटे म्हणायचं. पाटा भट्टीत किती लाल करायचा, किती बाक द्यायचा, तेलात कधी बुडवायचा, हे त्याला रंगावरून कळायचं. मग गावी येऊन त्यानं घरामागच्या खळ्यात खड्डा खणला, वर पत्रा टाकला, आणि भाताच्या जागी गाड्या झोडायला लागला. बायको अंबाबाई बोलायची, "माझ्या लोणच्याला डिझेलचा वास येतो, तुमाला येत नाय काय?" त्याला येत नसे.

कंपनी गाडीला पाच पाटे देते. इथल्या लोकांना सात लागतात. भाजीवाला, वीटवाला, खडीवाला, सगळ्यांना गाडी उंच पाहिजे आणि भरल्यावर बसायला नको. धाकलू पाटे चढवायचा, पण त्याची एक रीत होती. खळ्याच्या बांधाला त्यानं वाळूच्या चाळीस गोण्या रचून ठेवल्या होत्या. पाटे चढवलेली गाडी त्या गोण्यांनी भरायची, धाकलूनं स्वतः उतारावर न्यायची, ब्रेक मारून बघायचा, मगच चावी मालकाच्या हातात. कुणी घाई केली तर बोलायचा, "तुजी बायको माज्या नावानं खडे फोडंल, तिला काय सांगू मी?"

गोण्या भरण्याला कारण होतं. पिकअपच्या मागच्या बाजूला, माल भरायच्या हौद्याखाली, एक बारीक दांडी असते. गाडी भारानं खाली बसली की ती दांडी हलते आणि मागच्या ब्रेकांना जास्त जोर देते. पाटे वाढवले की गाडी बसतच नाही. मग गाडीत दोन टन इटा असल्या तरी दांडीला वाटतं, गाडी रिकामीच आहे. मागचे ब्रेक नावापुरते लागतात, सगळा ताण पुढच्यांवर. म्हणून पाटे चढवले की दांडी लांबवायची. तासाभराचं काम.

नवशा पाटे चढवायला आला तो दिवस नेमका धाकलूच्या पोरीच्या, श्रद्धाच्या, हळदीच्या आदल्या दिवसाचा. खळ्यात मांडव घालत होते. वाळूच्या गोण्या मांडवाच्या खांबांना आधार म्हणून लावलेल्या. वीटभट्टीवाला नवशाच्या मागं लागला होता, उद्या गाडी नाही आली तर दुसरी लावतो. मेहुण्यासाठी धाकलूनं दोन पाटे चढवले. दांडीला जोडायचा तुकडा घरात नव्हता.

"मंगळवारी ये," तो बोलला. "हळद-लगीन उरकू दे. दांडी लांबवून देतंय."

नवशानं रिकामी गाडी रस्त्यावर पळवून करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढून हसला. "दादा, काय लांबवताय? खटकन हुबी ऱ्हाते!"

रिकामी गाडी उभी राहणारच होती. धाकलूला ते ठाऊक होतं. त्यानं दारूच्या एका रिकाम्या क्वार्टरमध्ये ब्रेकाचं तेल भरून नवशाला दिलं, कमी झालं तर घालायला. गॅरेजात तेलं अशाच बाटल्यांत असतात. मंगळवार आला नि गेला. पाहुणे होते, मग पूजा, मग दुसऱ्यांच्या गाड्या. घरची गाडी, कधीही करू. गिऱ्हाइकाला धाकलूनं असं कधी सोडलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात नवशा इटा भरून कशेळ्याच्या अलीकडच्या उतारावरून येत होता. गाडी वळणावरच्या मोरीवर आदळली. धाकलू पोचला तेव्हा नवशाला काढून नेलं होतं. रस्त्यावर चाकं घासल्याच्या दोनच काळ्या रेघा होत्या, पुढच्या चाकांच्या. मागची चाकं शेवटपर्यंत मोकळी फिरत आली होती. धाकलू त्या रेघांवर उभा राहिला आणि त्याला सगळं कळलं. लोक मात्र केबिनमध्ये वाकून बघत होते. तिथं क्वार्टरच्या काचा पडल्या होत्या. नवशा दोन वर्षांमागं प्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. सोडली हे निम्म्यांनाच. पोलिसांच्या कागदावर 'ओव्हरलोड' लागलं, आणि गावात 'बेवडा'.

"मामा," विनिता बोलली, "तुमी बघताय का मी ताडपत्री काढू?"

धाकलूनं ताडपत्री ओढली. गाडीचं तोंड आत गेलेलं, हौदा सरळ होता. तो खाली वाकला नाही. तिथंच चाकाला टेकून बसला.

"नवशा प्यायला नव्हता," तो बोलला. "ती क्वार्टर माजी. तिच्यात ब्रेकाचं तेल व्हतं. मीच भरून दिली."

चिमा त्याच्याजवळ आली.

"आन् गाडी माज्यामुळं गेली. पाटे चढवले, ब्रेकाची दांडी तशीच ऱ्हायली. मंगळवारी ये बोललो. परत बोलावलं नाय."

"तुला कवा कळलं?"

"तवाच. रस्त्यावर."

चिमानं बोटांवर दिवस मोजले, मग हात खाली सोडला. "तेराव्याला तू आमच्यात जेवलास. सासरा पंगतीत बोलला, बेवड्याचं तेरावं हाय, जेवा पोटभर. तू त्याच्या समोर बसलावतास. तू डाळ मागून घेतलीस, दादा. मी वाढली तुला."

धाकलू चाकाला धरून उठला.

"चल. म्हाताऱ्याला सांग."

"संध्याकाळी येतंय. हात-पाय धुऊन…"

"असाच चल."

तेलकट कपड्यांत तो निघाला. बांधाबांधानं अर्ध्या तासाची वाट. चिमा पुढं, विनिता मधी, धाकलू मागं.  वाटेत एकानं हाक मारली, "काय धाकलूदादा, बहिणीकडं पाव्हणचार काय?" त्याला धाकलूनं हात केला.

चिमाचा सासरा नामा ओटीवर बसून दोरीसाठी वाख वळत होता. म्हाताऱ्याला ऐकू कमी. धाकलूनं समोर बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. म्हातारा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"काय बोलतो ह्यो?" त्यानं सुनेला विचारलं.

"मोठ्यानं बोल, दादा."

धाकलूनं पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. "आं?"

तिसऱ्यांदा धाकलू ओरडला. "नवशा प्यायला नव्हता! माजी चूक! ब्रेक माज्यामुळं लागला नाय!" समोरच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबला. दोन घरं सोडून कुणीतरी दाराशी आलं. धाकलूचा आवाज फाटला होता, पण आता थांबता येत नव्हतं. क्वार्टर, पाटे, दांडी, मंगळवार, सगळं त्यानं आळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

म्हाताऱ्यानं वाख बाजूला ठेवला. तो मांडीवरची कुसळं निवडत बसला.

"म्हंजे माजा पोर शुद्धीत व्हता," तो बोलला.

"व्हय."

"मंग त्याला समजत व्हतं. गाडी थांबत नाय, त्ये त्याला समजत व्हतं." त्यानं धाकलूकडं पाहिलं नाही. "तीन म्हैने मला वाटायचं, प्यायला व्हता, त्याला काय कळलं नसंल. तेवढंच बरं वाटायचं."

मग तो उठला, भिंतीला धरत आत गेला. चिमा त्याच्या मागं गेली. तिनं भावाला पाणी विचारलं नाही. धाकलू ओटीवर बसून राहिला. समोरची बाई पुन्हा भांडी घासायला लागली.

विनिता बाहेर आली ती चप्पल घालूनच. "मामा, मी तुमाला बांधापतुर सोडतंय." बांधापर्यंत आल्यावर ती थांबली. "गाडी मी चालवनार. माजं लायसन निघालंय. कशेळ्यातनं भाजी न्यायला एकाशी बोलली पण हाय."

"करून देतंय मी. आठ दिवसांत…"

"शिळफाट्याला नेनार हाय करायला. उद्या टोइंगवाला येईल." ती रागानं बोलत नव्हती. "आयेला तुमच्याकडं नको हाय."

धाकलूनं मान हलवली. "तिथल्या मिस्त्रीला सांग, पाच पाटे ठेव. तो सात बोलला तरी पाचच."

"बरं."

"आन् गाडी भरून बघ, मंगच आन."

"बरं मामा. जावा आता."

तो घरी आला तेव्हा साजगावचा ड्रायव्हर सुनील ठोकळ्यांवरच्या गाडीच्या पायदानावर बसून मोबाइल बघत होता. "ओ दादा, कुटं गायब? मालकानं चार वेळा फोन केला. क्लच आज बसतोय का नाय?"

"बसतो."

"तुमचा आवाज का बसलाय? आजारी हाव काय?"

"नाय रं. तू गिअरबॉक्सला खालनं आधार दे. मी बोललो की उचल, आदी नको."

धाकलूनं पोतं अंथरलं, त्यावर उताणा पडला आणि पायानं रेटत गाडीखाली शिरला.