रोखलेलं सलाईन

स्वरूपा घोळवेचे वडील, कोंडीराम, बीडकडून भोसरीला आले आणि एका फाउंड्रीत तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसले. मापाच्या गेजमध्ये न बसणारा पीस ते बाजूला काढत. सुपरवायझर कितीही ओरडला तरी काढत. लेक फार्मसी शिकली, परीक्षा देऊन औषध निरीक्षक झाली. आकुर्डीहून स्कूटर काढून ती चाकणपर्यंतच्या कंपन्या तपासायची. हट्ट मात्र तिनं माहेरूनच आणला होता.

त्या वर्षी आफ्रिकेत कॉलऱ्यानं थैमान घातलं होतं. चाकणच्या एका कंपनीला तिथल्या एका छोट्या देशाची सलाईनची मोठी ऑर्डर मिळाली. त्या देशाच्या औषध कार्यालयात माणसं चार, प्रयोगशाळा नाहीच. त्यांनी कळवून टाकलं होतं, तुमच्या तपासणीचा कागद हीच आमची तपासणी. एरवी महिन्याचं काम, पण स्वरूपाला तीन दिवस मिळाले.

ती पोचली तेव्हा गेटवर कंटेनर उभाच होता.

"मॅडम, बोट शुक्रवारची आहे," मॅनेजर यशवंतराव म्हणाले. "तिकडं माणसं मरताहेत. सही करा, चहा घ्या."

"चहा नंतर. आधी ऑटोक्लेव्हचे आलेख दाखवा."

ऑटोक्लेव्ह म्हणजे भलामोठा कुकरच. भरलेल्या बाटल्या त्यात ठरलेल्या तापमानाला ठरलेली मिनिटं राहिल्या, की जंतू मरतात. माल पाच लॉटमध्ये, म्हणजे पाच खेपांत, बनला होता; त्यांच्या तापमानाचे पाच आलेख तिनं पुढं ओढले. पाचव्याची रेघ तिला खटकली. तिनं चौथा आणि पाचवा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघेची बारीकशी थरथरसुद्धा तंतोतंत जुळली. पाचवा आलेख चौथ्याची नक्कल होता.

यशवंतरावांना बाहेर थांबायला सांगून तिनं मशीन चालवणाऱ्या नागसेनला बोलावलं.

"खरं बोललो तर नोकरी जाईल, मॅडम."

"जाऊ शकते. खोटा दिलासा मी देणार नाही."

त्यानं दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाला, "लाईट गेली होती. जनरेटर उशिरा लागला. बाटल्या अर्धवटच तापल्या. मी म्हटलं पुन्हा चालवू. मॅनेजर साहेब म्हणाले, टाइम नाही."

पाचवा लॉट जागचा हलवू नये, असा आदेश तिनं तिथंच बसून लिहिला. तासाभरात तिचे वरिष्ठ सदाशिव देवकर यांचा फोन आला.

"स्वरूपा, दिल्लीहून विचारणा झालीय. माल अडवलास?"

"चार लॉट आजच सोडतेय, साहेब. त्यांच्या चाचण्या झाल्यात, नोंदी चोख आहेत. पाचवा जाणार नाही."

"आणि तिकडं बाटल्या कमी पडल्या तर?"

प्रश्न खरा होता. सलाईन न मिळूनही माणूस मरतोच. दुपारचा डबा तिनं तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या केंद्रीय औषध कार्यालयानं त्या देशाच्या औषध अधिकारी बाईंशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. स्वरूपानं काही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "ही बाटली तुम्ही तुमच्या आईला लावू द्याल?"

"नाही."

"मग आम्हालाही नको. पण बदली माल लवकर द्या."

जंतूंच्या चाचणीला चौदा दिवस लागतात. तेवढं थांबायला कुणालाच सवड नव्हती. म्हणून दोघींनी मार्ग काढला: नवा लॉट लगेच पुढच्या बोटीनं निघेल, पण इकडचा निकाल पोचेपर्यंत तिकडच्या गोदामात कुलपात राहील. चार लॉट शुक्रवारच्या बोटीनं गेले. नवा लॉट बनताना स्वरूपा दोन दिवस मशीनपाशी उभी राहिली. तापमानाची सुई खाली येते का, यावरच तिची नजर होती.

रोखलेल्या लॉटचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत गेले होते. दहाव्या दिवशीच तिथून फोन आला. तीन नमुने गढूळ झाले होते, जंतू वाढले होते. नव्या लॉटचा निकाल मात्र स्वच्छ आला आणि तिकडचं कुलूप उघडलं. कंपनीच्या सलाईन विभागाचा परवाना निलंबित झाला.

नागसेनला कंपनीनं काढलं. स्वरूपानं अहवालात लिहिलं होतं, की पुन्हा मशीन चालवायचा आग्रह याच माणसानं धरला. त्या अहवालाची प्रत तिनं त्याला नियमानं अर्ज करायला लावून मिळवून दिली. चार महिन्यांनी तीच दाखवून तो दुसऱ्या औषध कंपनीत लागला. ते चार महिने त्याच्या घरानं कसे काढले, हे विचारायला स्वरूपाची जीभ अजून रेटलेली नाही.