हाताचे बूट

“जावईबापू, बाहेर! आधी ते बाहेर ठेवा!” सासूबाई अशा कडाडल्या की झूटरमेर या डच गावातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या सायकलींच्या घंटा आपोआप वाजल्या. बूट तर मी दारातच काढले होते. हातात होते फक्त लोकरी हातमोजे, आणि समोर देव्हारा.

चूक माझीच. २००५च्या हिवाळ्यात त्या तीन महिने राहायला आल्या आणि मी डचच्या शिकवणीची फुशारकी मारली: हातमोज्याला इथे ‘हांडस्खून’ म्हणतात. हांड म्हणजे हात, स्खून म्हणजे बूट. पूर्वी बर्फात अख्खा देश चार पायांवर चालायचा, त्यावरून हा शब्द आला, असंही मी शपथेवर ठोकून दिलं. सासूबाईंनी त्यातलं एवढंच उचललं की पायातलं काही देवापुढे नको.

तेव्हापासून माझे हातमोजे दाराबाहेर, चपलांच्या रांगेत. सकाळी ते इतके कडक झालेले असत की त्यांनी नारळ फोडावा. सायकलवरून स्टेशन गाठेपर्यंत माझी दहाही बोटं मला ओळख देईनाशी होत.

शेवटी बोटं वाचवायला शेजारच्या निवृत्त डच शिक्षिकेला साक्षीला आणलं. वाटेत विनवलं, “त्या शब्दात बूट नाही, एवढंच सांगा.” सासूबाईंना इंग्रजी उत्तम येत असल्यामुळे मधे दुभाषा होऊन हातचलाखी करायची सोय नव्हती. त्यांनी थेट विचारलं.

शेजारीण म्हणाली, “बूटच आहे. खोटं कशाला सांगू?”