माळावरचे सासरे

मुलगी बघायला आलेल्या मुलाला चहापोह्यांच्या आधी काट्याकुट्यांत पालथं झोपवणारे सासरे सोलापूर जिल्ह्यात, किंबहुना अख्ख्या महाराष्ट्रात, फक्त माझ्याच वाट्याला आले असावेत. मी नवा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून करमाळ्याच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात उतरलो, तर मामा दारातच उभे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. तेव्हा ते अजून सासरे व्हायचे होते एवढंच. त्यांनी मला नीट न्याहाळलं, नाक वाकडं केलं आणि बायकामाणसं आत पोहे परतत असताना मला म्हणाले, "चला, जरा माळावर जाऊन येऊ." मला वाटलं, शेती दाखवतील, विहीर दाखवतील. बरंच अंतर चालल्यावर त्यांनी चिमूटभर माती हवेत उधळली, ती कुठे जाते ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "पालथं पडा."

"का?"

"पडा म्हंतो न्हवं."

पडलो. छातीखाली सराटे, नाकासमोर मुंग्यांची रांग, अंगावर नवा शर्ट. लग्नाच्या बाजारात आपण नेमके कुठे चुकलो याचा विचार करत मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. मग गवतात खसफस झाली. मान न हलवता डोळे वर केले, तर काळविटांचा कळप चरत चरत आमच्याकडेच येत होता. पिळाची शिंगं मिरवणारा नर इतका जवळ आला की त्याच्या जबड्यात गवत तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. नाकावर मुंगी चढली तरी मी हललो नाही. घरी परतल्यावर मामांनी चपला काढायच्या आतच उंबऱ्यातून आत सांगितलं, "पोरगं गप पडतंय. देऊन टाका." माझी नोकरी, शिक्षण, पत्रिका याबद्दल त्या घरात मला कुणीही, कधीही काही विचारलं नाही.

मामांचा धंदा हाच. बाहेरगावचे लोक जनावरं-पाखरं बघायला यायचे, त्यांना ते माळ दाखवायचे. घराणं मेंढरांमागचं. तसं आमचंही तेच, पण माझे वडील शहरात आले, चादरीच्या कारखान्यात लागले आणि पुढे नव्या पेठेत चादरींचं लहानसं दुकान टाकून बसले. मामा मात्र माळ सोडून कुठे गेले नाहीत. मेंढरं धाकट्या भावाच्या, म्हणजे तात्यांच्या, हवाली करून ते लांडगे, खोकड आणि चंडोल यांच्या मागे लागले. कुणा परदेशी पाहुण्याने दिलेली टोपी डोक्यावर आणि दुर्बीण गळ्यात, असा त्यांचा अवतार. ही दुर्बीण झोपतानाच तेवढी गळ्यातून निघायची. माझ्या लग्नात नवऱ्या मुलीचे वडील म्हणून ते अक्षता घेऊन उभे राहिले तेही दुर्बिणीसकट, आणि मंगलाष्टकं संपताच त्यांनी ती डोळ्यांना लावून मांडवाच्या दुसऱ्या टोकाचं निरीक्षण केलं. "जिलबी संपत आलीया," ते माझ्या वडिलांच्या कानात म्हणाले, "तुमची मान्सं पयली बसवून घ्या."

कानात म्हणाले, कारण मामा मोठ्याने बोलतच नसत. आयुष्यभर माळावर कुजबुजून त्यांचा आवाज तसाच झाला होता. घरी मीठ मागायचं तरी असं, की जणू मिठाच्या डब्यामागे ससा बसलाय. फोनवर मात्र मधलं सगळं अंतर स्वतःच्या घशाने कापायचं आहे अशा थाटात ते ओरडत. मामी म्हणायच्या, "घरात गप, माळावर गप, आन् फोन आला की सारा गाव गोळा!"

पाहुण्यांसाठी त्यांचे नियम कडक होते. भडक कपडे चालायचे नाहीत. त्यांच्या पिशवीत मातकट रंगाचे ढगळ शर्ट असत, आणि कुणी लाल-पिवळं घालून आलं की बाई असो वा बुवा, ते त्याच्या अंगावर चढवले जात. वास तर त्यांना मुळीच खपत नसे. पुण्याचे एक गृहस्थ अत्तर लावून आले होते. मामांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली आणि तात्यांच्या कळपाकडे बोट दाखवलं. "त्या मेंढरातनं दोन-चार येरझाऱ्या घाला, मग निघू." गृहस्थ मुकाट्याने मेंढरांत शिरले. परत आले तेव्हा त्यांना त्यांच्या बायकोनेही जवळ येऊ दिलं नाही. मामा खूश झाले.

"आज काय काय दिसेल?" असं विचारणाऱ्यावर त्यांचा विशेष राग. "मी दिसंल," ते सांगायचे. "बाकीच्यांचं मला ठावं न्हाय."

आणि मामांचं सगळंच बरोबर असायचं अशातलाही भाग नाही. एकदा त्यांनी चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींना अर्धा तास दम धरून बसवलं. लांब बाभळीखाली लांडगा बसला होता. मामा कुजबुजत त्याचा स्वभाव सांगत होते, त्याचं वय सांगत होते, त्याच्या मनात आत्ता काय चाललं असेल तेही सांगत होते. वारा सुटला आणि लांडगा उडून बाभळीत अडकला. खताचं रिकामं पोतं होतं. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. मामांनी दुर्बीण पुसली आणि म्हणाले, "पोतं बी लांडग्यावानीच बसलं हुतं की!"

माझ्या दुकानात आले की ते गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभे राहून एकेक चादर माळाच्या नजरेने तपासत. मोर असलेली लाल चादर दिसली की मान हलवत, "ही एक फर्लांगावरनं दिसंल." त्यांच्या आग्रहाखातर मी वाळल्या गवताच्या रंगाच्या चादरी मुद्दाम विणून घेतल्या. त्यातली एकही खपली नाही. अखेर सगळा गठ्ठा त्यांच्याच घरी गेला, आणि त्या घरात अंथरूण कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते हे पाहुण्याला कळेनासं झालं.

म्हणूनच त्या थंडीत एका सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, मामांना ताप चढलाय. "जावईबापू," ते ओरडत होते, "दुकानातली सगळ्यात भडक चादर घ्या. लालभडक. आन् तुमच्या घरात कसलं सेंट-बिंट आसंल तर ते बी आणा. आत्ताच्या आत्ता निघा." पुढे काही विचारायच्या आत फोन बंद. मी मोराची लाल चादर काढली, बायकोच्या कपाटातली अत्तराची बाटली उचलली आणि निघालो.

मामा गावाबाहेर ओढ्यापाशी वाट बघत होते. चेहरा उतरलेला. चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. ओढ्याच्या पलीकडच्या घळीत लांडगीण व्याली होती. ते तिला 'थोरल्या बाई' म्हणत. मादी लांडगा असं तिच्याविषयी बोललेलं त्यांना आवडत नसे. पिल्लं बिळाबाहेर येऊन खेळायला लागतील त्या दिवसाची ते महिनाभर वाट बघत होते. ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती, मलाही नाही. मुंबईचं एक जोडपं तर पिल्लं बघायलाच पुढच्या आठवड्यात येणार होतं. आणि तेवढ्यात तात्यांच्या मेंढरांच्या वाड्यातली कोकरं गेली. एकदा नव्हे, दोनदा. काल जेवताना तात्यांनी ताट सरकवून सांगितलं होतं, की बाजार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी मिरच्यांचा धूर घालणार आणि काम संपवणार. आज ते बाजाराला करमाळ्याला गेले होते, मिरच्या आणायलाच.

"वनखात्याला कळवा ना," मी म्हटलं.

मामा थांबले. "सख्ख्या भावावर सायेब आणू व्हय? त्याची कोकरं गेल्याती. रातच्याला त्यो रडला. त्याचं चुकलं न्हाय." थोडं चालून म्हणाले, "बाईंचं बी चुकलं न्हाय. म्हनून म्हंतो, त्यांनीच हितनं हलाय पायजे. आज."

मग मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात विचित्र प्रकार सुरू झाला. मामांनी माती उधळली, वारा बघितला, आणि या खेपेला मुद्दाम वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे आमचा वास थेट घळीकडे जाईल असे बसले. बिळापासून पुष्कळ लांब, पण तिथून सरळ दिसेल अशा उंचवट्यावर. लाल चादर बाभळीवर पसरली. अत्तराची अर्धी बाटली माझ्या अंगावर, अर्धी स्वतःच्या. विडी पेटवली. कधी नव्हे ते खड्या आवाजात गायला लागले आणि ते का कुजबुजत असत याचं दुसरं कारण मला तेव्हा कळलं. गळा दुखल्यावर त्यांनी फोन काढला. त्या दिवशी पार नातेपुत्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना मामांचे फोन गेले. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांचीही त्यांनी गुडघ्यापासून गुरांपर्यंत चौकशी केली. "न्हाय न्हाय, काम कायबी न्हाय! सहज!" हे वाक्य माळभर घुमत होतं. नंतर कित्येक दिवस लोक मला विचारत होते, मामांची तब्येत बरी आहे ना?

हसू येत होतं, पण मी हसलो नाही. कारण फोन ठेवला की मामा घळीकडे बघत, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. ज्या माणसाने उभा जन्म जनावरांना आपली चाहूल लागू नये म्हणून घालवला, तो आज एका बाळंतिणीला तिच्या घरातून हुसकावत होता. एकदा ते नेहमीच्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "रागावू नगा बाई. पर जावा आता." ते माझ्यासाठी नव्हतं.

उन्हं कलल्यावर आम्ही चादर गुंडाळली आणि दूर बांधाआड जाऊन पडलो. पालथेच. बराच वेळ काही हललं नाही. मामांनी डोळे मिटले होते. मग घळीच्या काठावर, मातीतूनच निघाल्यासारखी ती वर आली. आमच्या दिशेला टक लावून उभी राहिली. परत खाली उतरली, आणि वर आली तेव्हा तिच्या तोंडात एक काळपट गाठोडं लोंबत होतं. ते घेऊन ती टेकाडापलीकडे गेली. परत आली. दुसरं नेलं. शेवटच्या खेपेला अंधुकच झालं होतं. ती पलीकडे दिसेनाशी झाली तरी मामांनी दुर्बीण खाली केली नाही.

"मोठी व्हताना बघायची हुती," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मिरच्यांचं पोतं घेऊन घळीत उतरले. बीळ मोकळं होतं. उंचवट्यावर मात्र विड्यांची थोटकं पडली होती आणि अत्तराचा घमघमाट अजून गेला नव्हता. तात्या काही दुधखुळे नव्हेत. तडक घरी आले आणि भावावर असे बरसले की मामी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी आपलं अंथरूण काखोटीला मारलं, आणि ती सारी थंडी ते तात्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर राखणीला झोपले. एकही कोकरू गेलं नाही. दोघा भावांचं बोलणं सुरू झालं तेही तक्रारीनेच. तात्यांनी येऊन मामींना सांगितलं, "वयनी, लांडगं परवडलं, पर ह्येचं घोरनं नगं. मेंढरं झोपंना झाल्याती." मामी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तात्या तिथेच जेवायला बसले.

मुंबईचं जोडपं येऊन हिरमुसलं होऊन गेलं. "औंदा न्हाईत," एवढंच मामांनी त्यांना सांगितलं. थोरल्या बाई त्या घळीत पुन्हा कधी आल्या नाहीत.

मामी गेल्यावर आम्ही मामांना सोलापुरात आणलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रिया झाली, पण नजर पूर्वीची राहिली नाही. सकाळी ते माझ्याबरोबर दुकानात येतात, गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसतात, आणि नव्या पेठेतल्या रिक्षांच्या गोंगाटातही गिऱ्हाइकांशी कुजबुजतच बोलतात. गिऱ्हाईक पुढे वाकून ऐकतं, आणि वाकलं की सहसा घेऊनच जातं. बायको वडिलांकडे बघून म्हणते, आबा रमलेत. मी चादरींच्या घड्या घालत राहतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी त्यांना घेऊन माळावर गेलो. वाटेत जागोजागी प्लॉटचे पांढरे दगड रोवलेले होते, एके ठिकाणी तारेचं कुंपण होतं. मामांना ते दिसलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गाडी थांबवून त्यांना हात देऊन उतरवलं. इतक्या वर्षांत त्या माळावर मी त्यांच्या पुढे कधी एक पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमी व्हा पुढं."

आम्ही सावकाश टेकाडावर चढलो. ऊन कोवळं होतं, वारा होता. मामा माझ्या खांद्याला धरून उभे राहिले.

"काय दिसतंय, जावईबापू?"

मी खूप लांबवर बघितलं. एखादं काळवीट, निदान एखादी टिटवी तरी दिसावी असं मला फार वाटत होतं. काहीच नव्हतं.

"गवत आहे, मामा."

"आजून?"

"पुढेही गवतच. पार पलीकडच्या टेकाडापर्यंत."

"व्हय?" ते म्हणाले आणि त्यांच्या हाताची पकड सैल झाली. "मग बरंय की."