युरोपच्या समितीला धावड्याचा गुलाल

भोकरदनहून धावड्याला जाणाऱ्या जीपमध्ये मी अर्धा बाहेर लोंबत होतो, तरी चालक "जागा हाय, या" म्हणत माणसं भरतच होता. मित्राच्या थोरल्या बहिणीची, सुमनताईंची, मिरची युरोपला निघाली होती. ती बघायला मी पुण्याहून आलो होतो.

ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आणून झाल्यावर ताईंनी वावर (शेत) दाखवलं. युरोपातल्या कुठल्याशा समितीचे नियम पाळत त्यांनी हंगामभर औषधाच्या फवाऱ्याला हात लावला नव्हता. बांधावर नियमाप्रमाणे पाटी होती : 'पाळीव प्राण्यांना मनाई'. तिच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. दुपारी तपासनीस येणार होता. मिरची पास झाली तर परदेशी, नाहीतर हंगामाचे कष्ट मातीत.

"ही समिती निवडून कोण देतं?" मदतीला आलेल्या सरपंचांनी विचारलं.

मला शहाणपणा सुचला. "कुणीच नाही. सगळे नेमलेले."

"मंग राज्य कशाच्या जोरावर करून राह्यले? हे बिलकुल चालणार न्हाई!"

मला वाटलं, आता निषेधाचा ठराव येणार. पण या गावाला बिनविरोध निवडणुकीची दांडगी हौस. सरपंचांनी फोन फिरवले आणि वीसेक माणसं बांधावर जमली.

"उमेदवारांची नावं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"बिनविरोधला नावं कशाला लागतेत, आबा?"

सगळ्यांचे हात वर झाले. भिडेखातर माझाही झाला.

विजयी उमेदवार हजर नसल्यानं गुलाल कुणावर टाकायचा, असा पेच पडला. सरपंच म्हणाले, "माल त्यांच्याकडंच जाऊन राह्यलाय, गुलालबी जाऊ द्या." आणि पुडा मिरचीच्या क्रेटांवर रिकामा केला. ताई "अवो, थांबा!" म्हणेपर्यंत उरलेला गुलाल वाऱ्यानं आमच्या कपाळांवर आणि वावरभर नेला.

तपासनीस आला. त्यानं एक गुलाबी मिरची उचलली, आम्हा सगळ्यांच्या कपाळांकडे पाहिलं आणि कागदावर फुली मारली.

सरपंच समितीला शिव्या घालू लागले. ताई पदरानं मिरच्या पुसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गप बसा, सरपंच," ताई म्हणाल्या. "सकाळी बोलता आलं असतं. आता आपुनच निवडून दिलंय. पाच वर्षं ऐकून घ्या."

निघताना त्यांनी माझी पिशवी मिरच्यांनी भरली. पुण्यात सात पाण्यांनी धुतल्या, तरी पाणी गुलाबीच. आपण निवडून आलो, हे त्या समितीला अजून कळलेलं नसावं. ठेचा खाताना तोंड पोळतं, पण मी तक्रार करत नाही. मत मीही दिलं होतं.