माजिवड्याचा दुसरा अनिरुद्ध

आमच्या घरातलं एक ठरत आलेलं लग्न परग्रहामुळे मोडायच्या बेताला आलं होतं. आणि त्यात परग्रहाचा काहीही दोष नव्हता.

मी मूळची कवितेची. शिकले कविता, शिकवली कविता, आणि अजूनही फोडणीतली मोहरी तडतडू लागली की तिच्यात मात्रा मोजण्याची माझी खोड गेलेली नाही. अशा बाईने विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या मंडळात पाऊल ठेवू नये. पण डोंबिवलीत आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या सुलभाताईंनी (आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि अजूनही समोरच्याकडे तो पहिल्या बाकावर बसल्यासारखं पाहणाऱ्या) मला एकदा ओढून नेलं, आणि तिथल्या चहाला वेलदोड्याचा इतका हळुवार गंध होता की मी दुसऱ्यांदा आपणहून गेले. माणसाच्या वाङ्मयीन निष्ठा अशाच ढळतात.

मंडळाच्या काही रीती होत्या. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि प्रत्येकाने आपण सध्या काय वाचतोय ते सांगायचं. सध्या म्हणजे सध्याच. पुस्तक निम्मं झालेलं असताना शिफारस करायची. पुरं वाचून आलेला माणूस शेवट सांगितल्याशिवाय उठत नाही, हा मंडळाचा कटू अनुभव होता. पुस्तकाचं नाव चर्चा संपल्यावर सांगायचं, नाहीतर लोक मांडीवर मोबाइल ठेवून परीक्षणं वाचत बसतात. आणि पुस्तक परक्या भाषेतलं असेल, तर पात्रांना आपल्याकडची नावं द्यायची. एकदा एका लांबलचक रशियन कादंबरीत नेमका कोणता अंतराळवीर मेला यावरून दोन सभासदांमध्ये अबोला झाला होता, तेव्हापासूनचा हा नियम. त्यामुळे आमच्या मंडळात मंगळावर पहिलं पाऊल पद्माकरने ठेवलं होतं, आणि अख्ख्या आकाशगंगेची सम्राज्ञी होती कुसुमताई.

त्या महिन्यात मंडळ आमच्याकडे जमणार होतं. मी एक नवी इंग्रजी कादंबरी मागवली होती. तिची पानं अजून कोऱ्या कागदाचा किंचित आंबूस वास सांभाळून होती. नेमकं त्याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून त्या पडदे ओढलेल्या खोलीत बसू लागल्या, आणि वाचायला बंदी असल्यामुळे दिवसभर घड्याळाला वेळ विचारू लागल्या.

"मृणाल, काहीतरी वाचून दाखव गं. काहीही चालेल."

मी कादंबरी घेऊन बसले आणि वाचता वाचताच मराठी करून सांगू लागले. नायकाचं नाव पहिल्याच ओळीत आडवं आलं. नुसती व्यंजनं, चणे दाताखाली यावेत तशी. त्याला आपलं नाव द्यायचं, तर जिभेवर काय होतं? अनिरुद्ध. त्या दिवसांत आमच्या घरात दुसरं नावच नव्हतं. सासूबाईंची धाकटी बहीण, खडवलीच्या बेबीमावशी, यांच्या प्राजक्ताचं लग्न माजिवड्याच्या अनिरुद्धशी ठरत होतं, आणि ते स्थळ खुद्द सासूबाईंनीच सुचवलेलं. सकाळच्या चहाला अनिरुद्धचा पगार, दुपारी अनिरुद्धची उंची. शिवाय शेवटच्या जोडाक्षरावर तबल्याची हलकी थाप पडावी असं ते नाव. मी ते नायकाला देऊन टाकलं. (कानाला गोड लागलेल्या शब्दाने मला आजवर कधी चांगल्या जागी नेलेलं नाही.)

कादंबरी फार सुंदर होती, आणि मला ती मुळीच कळत नव्हती. एका प्रकरणात अनिरुद्ध दूरच्या ग्रहावर, निळसर धुळीच्या वादळात, दाढीवर बर्फ साचलेला. पुढच्याच प्रकरणात तो घरी, बायकोशी बोलत कुंड्यांना पाणी घालतोय. परत ग्रहावर. परत घरी, कपड्यांच्या घड्या घालताना. मी गोंधळले. मागची पानं चाळली, पुन्हा वाचली, अधिक गोंधळले. आणि मग एका दुपारी लख्ख उजेड पडला: अरे, ही विज्ञानकथा आहे. इथे काहीही होऊ शकतं. गड्याने जाताना आपल्यासारखाच दुसरा एक करून घरी ठेवलाय.

"म्हणजे घरात आहे तो खरा नव्हे?" सासूबाई ताठ बसल्या.

"नाही, आई."

"बायकोला ठाऊक आहे?"

"अजून तरी तसं दिसत नाही."

"बिचारी," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण घरातला बरा आहे हो."

आता सासूबाईंची एक सवय सांगायला हवी. त्या कोणतीही गोष्ट मधून सुरू करतात. आपल्या डोक्यात जिथे चालू आहे तिथूनच समोरच्याने धरावं, अशी त्यांची अपेक्षा असते. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते आणि बाहेर त्या बेबीमावशींशी फोनवर बोलत होत्या.

"बेबी, अनिरुद्धचं ऐकलंस का? अगं, तो कधीचा बाहेरच आहे. घरी नांदतोय तो दुसराच. आणि बायकोला पत्ता नाही. हो, बायको. लग्न झालेलंय त्याचं. मला मृणालने सांगितलं, तिला बरंच ठाऊक आहे."

सासूबाईंना पुस्तक रुचलं म्हणून मी कोथिंबिरीच्या त्या हिरव्या, ओल्या दरवळात उभी राहून सुखावले.  दूध उतू जातंय म्हणून पलीकडे बेबीमावशींनी फोन ठेवला. आमच्या कुटुंबात गंभीर गोष्ट कळली की तोंडावर विचारत नाहीत, चौकशी करतात.

ती करायला मावशींचे यजमान, वसंतकाका, दुसऱ्याच दिवशी माजिवड्याला पोचले. मुलाच्या घरी न जाता, कुणाला संशय येऊ नये म्हणून, त्यांनी इमारतीच्या वॉचमनला गाठलं.

"इधर अनिरुद्ध नाम का कोई रहता है क्या?"

"कौनसा वाला?" वॉचमन म्हणाला. "दो हैं."

काकांनी फाटकाला धरलं. "दो?"

"एक शादीवाला, एक बिना शादीवाला. एक बाहर जाता है, दूसरा घर पे ही रहता है."

काका खडवलीला परतले ते न जेवता झोपले. इकडे वॉचमनने इंटरकॉमवरून अनिरुद्धच्या आईला, नलिनीताईंना, कर्तव्य म्हणून कळवलं की एक अंकल आले होते आणि अनिरुद्धभैया एक आहेत की दोन, असं विचारत होते. वॉचमनने केलेल्या वर्णनावरून नलिनीताईंनी अंकल ओळखले. स्थळ सुचवणाऱ्या सासूबाईंना जाब विचारायचं त्यांनी ठरवलं, आणि मुलाला सुट्टी असते म्हणून दिवस निवडला रविवार.

बेबीमावशीही प्राजक्ताला घेऊन रविवारीच आल्या. बहिणीचा डोळा पाहायला, असं त्या म्हणाल्या. पण आल्या आल्या सासूबाईंच्या खोलीत गेल्या आणि डोळ्याकडे न बघता पदराने स्वतःचेच डोळे पुसू लागल्या. सासूबाईंना वाटलं, आपल्या ऑपरेशनचं दुःख. त्या तिची समजूत घालत बसल्या. आणि बाहेर मंडळ भरलं. मी अनिरुद्धची निम्मी कथा सांगितली, इतकी रंगून सांगितली की निळी धूळ चहाच्या कपांवर बसते की काय असं मला वाटलं. चर्चा सुरू झाली आणि दाराची घंटा वाजली.

दारात नलिनीताई. मागे, हातात मोसंब्यांची पिशवी धरून, अनिरुद्ध. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं. मंडळाने तर तेवढंही नाही.

"या, या," सुलभाताईंनी आतूनच फर्मावलं. "नवीन दिसताय. बसा. सध्या काय चाललंय?"

"काय चाललंय तेच विचारायला आलोय," नलिनीताई म्हणाल्या. "अनिरुद्धबद्दल."

"वा! मग अगदी वेळेवर आलात." हे करंदीकर, बँकेतून निवृत्त. "आमचं आत्ता त्याचंच चाललंय. मला विचाराल तर पहिल्याला परत येऊच देऊ नये. दुसरा घर उत्तम सांभाळतोय."

"प्रश्न एवढाच आहे, की बायकोला सांगायचं का," सुलभाताई म्हणाल्या. "माझं मत, नाही. ती सुखात आहे."

नलिनीताई सावकाश मुलाकडे वळल्या. "कुठली बायको?"

"आई, मला काय माहीत?"

तेवढ्यात बेबीमावशी प्राजक्तासह आतून बाहेर आल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "अख्ख्या डोंबिवलीला माहितीये. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला."

ही वेळ माझी होती. भाषेत जिची हयात गेली, तिने पुढे होऊन चार नेमके शब्द बोलायचे होते. मी पुढे झाले आणि म्हणाले, "नलिनीताई, हा अनिरुद्ध तो अनिरुद्ध नव्हे."

"मग हा कोण आहे?" नलिनीताईंनी विचारलं.

मोसंब्यांची पिशवी अनिरुद्धच्या हातात हळूहळू खाली गेली. त्यालाही आता नक्की वाटत नसावं.

गलका ऐकून सासूबाई भिंतीला धरत, काळ्या चष्म्यानिशी बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "बेबी, अगं मी तुला पुस्तकातलं सांगत होते."

"माजिवड्याचा अनिरुद्ध पुस्तकात कसा जाईल, ताई?"

"मृणालने घातला."

सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. कवितासंग्रहाच्या प्रकाशनालाही माझ्याकडे इतक्या एकाग्रतेने कुणी पाहिलं नव्हतं.

"आणि वॉचमन दोघं आहेत म्हणाला, तो काय पुस्तक वाचतो?" मावशींनी विचारलं.

"दुसरा बी विंगमध्ये आहे," अनिरुद्ध म्हणाला. "त्याची कुरिअर आमच्याकडे येतात."

खुलासा झाला, पण कुणी हललं नाही. नलिनीताईंचा आवाज आता खाली आला होता, आणि तो वर होता तेव्हापेक्षा मला जास्त लागला. "माझ्या मुलाबद्दल काही मनात आलं, तर मला विचारायचं. खालच्या वॉचमनला नाही. अशा घरी सोयरीक करायला माझं मन घेत नाही. चल रे."

 प्राजक्ता नुसती अनिरुद्धकडे बघत राहिली. दारातल्या ढिगातून तो आपल्या चपला शोधत होता आणि त्याला काही केल्या जोडी सापडत नव्हती. तिच्या ओठांचा रंग उतरलेला मला दिसला. एका गोड नावाच्या हौसेने मी या पोरीचं काय करून ठेवलं होतं!

"नलिनीताई, एकच विचारते," सासूबाई म्हणाल्या, चष्म्याचा रोख जरासा चुकून करंदीकरांकडे. "तुमचा अनिरुद्ध आंघोळ झाल्यावर ओला टॉवेल कुठे टाकतो?"

प्रश्न इतका अनपेक्षित होता की नलिनीताईंनी खरं उत्तर देऊन टाकलं. "पलंगावर. रोज. सांगून सांगून माझा घसा बसला."

"मग हा पहिलाच. पुस्तकातला दुसरा वाळत घालतो."

"वाळत?"

"झटकून. चिमटे लावून."

नलिनीताईंनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. चिमटे. तो शब्द त्यांच्या मनात कुठेतरी खोल उतरत होता. "तसा असता," त्या शेवटी म्हणाल्या, "तर मी कुणाला कशाला दिला असता?"

पहिली हसली प्राजक्ता. मग मावशी, रडता रडताच. मग मावशींनी वाकून नलिनीताईंचे हात धरले आणि म्हणाल्या, "चुकलं आमचं. हे तिथून परत आलेले ते दोन दिवस नीट जेवले नाहीत हो. एकुलती पोर आहे, म्हणून भ्यायलो." नलिनीताई खाली बसल्या. 

"मी उद्यापासून लावतो चिमटे," अनिरुद्ध प्राजक्ताला हळूच म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "बाबा परत चौकशीला येतील."

मी चहा ठेवायला आत पळाले. परतले तर सुलभाताई माझी कादंबरी चाळत होत्या. "हेच का गं ते? आत्ताच तर मी वाचून संपवलंय. तू नावं बदललीस म्हणून ओळखू आलं नाही." मग त्यांच्या कपाळावर ती शाळेतली आठी उमटली. "मृणाल, यात दुसरा माणूस कुठे आहे?"

"घरी राहतो तो."

"तो तोच आहे. घरची प्रकरणं तो जाण्याआधीची आहेत. एक प्रकरण आत्ताचं, एक मागचं, असं आलटून पालटून. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर साल छापलंय की."

साल. छापलेलं होतं खरं, चांगल्या ठळक आकड्यांत. पण कवितेच्या माणसाची नजर आकड्यांवरून घरंगळते. मला ते पानांचे क्रमांक वाटले होते.

"हळू बोला," मी म्हणाले.

पण फार हळू बोलायची गरज नव्हती. नलिनीताई सासूबाईंच्या शेजारी सरकून बसल्या होत्या आणि विचारत होत्या, "स्वयंपाकघरातही मदत करतो का हो तो दुसरा?"

साखरपुडा थाटात झाला. सासूबाईंचा चष्माही गेला. पण नलिनीताई आता दर रविवारी माजिवड्याहून आमच्याकडे येतात, सासूबाईंच्या शेजारी डोळे मिटून बसतात, आणि मी समोर ती कादंबरी उघडून, वेळच्या वेळी पान उलटत, त्या पुस्तकात कधीच नसलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते त्यांना वाचून दाखवते. गेल्या खेपेला त्याने भरली वांगी केली.